मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती कशी ओळखावी

पुस्तकावर ‘पहिली आवृत्ती’ असे छापले आहे, एवढ्यावरून ती त्या साहित्यकृतीची पहिली आवृत्ती ठरत नाही. ‘श्यामची आई’चेच पाहा. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गुरुजी १९५० साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे कॉपीराइट टिकतो, तो २०१० अखेर संपला आणि मग अनेक प्रकाशकांनी हे पुस्तक आपापल्या नावाने काढले. त्यांतल्या एखाद्या प्रतीवर ‘पहिली आवृत्ती’ दिसली तर ते खोटे नाही, त्या प्रकाशकाची ती पहिलीच आवृत्ती असते. पण १९३० च्या दशकात वाचकाच्या हाती आलेले पुस्तक ते नव्हे.

उलटही घडते. कित्येक जुन्या पुस्तकांवर आवृत्तीचा उल्लेखच नसतो, आणि ती पहिल्या छपाईची असतात. इंग्रजी पुस्तकांसाठी लिहिलेल्या सूचना इथे फारशा कामाला येत नाहीत. तिकडच्या अनेक प्रकाशकांच्या पुस्तकांत आकड्यांची एक ओळ असते, तिच्यातला सर्वांत लहान आकडा पाहिला की कितवी छपाई ते समजते. मराठीत ही पद्धत रुजली नाही. आपल्याला पुस्तकाची किंमत, प्रकाशकाचा पत्ता, शुद्धलेखन, कागद, शेवटच्या पानावरची जाहिरात असे एकेक तपासावे लागते आणि या सगळ्या खुणा एकाच सालाकडे बोट दाखवतात का, ते पाहावे लागते. एकट्या खुणेवर विश्वास टाकायचा नाही, हा पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागचा नियम आहे.

पायरी १ : आधी नक्की काय शोधतो आहोत ते ठरवा

संग्राहक ‘पहिली आवृत्ती’ म्हणतो तेव्हा त्याला मजकूर पुस्तकरूपाने पहिल्यांदा छापला गेला त्या वेळची प्रत हवी असते. दिवाळी अंकात किंवा साप्ताहिकात तो आधी आला असेल तर त्या अंकाचे मोल वेगळे, त्याला पुस्तकाची आवृत्ती म्हणत नाहीत. मराठी प्रकाशक ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांत नेहमी फरक करतातच असे नाही. एका अक्षराचाही बदल न करता पुन्हा छापलेल्या पुस्तकाला कोणी ‘पाचवी आवृत्ती’ म्हणतो, कोणी ‘चौथे पुनर्मुद्रण’. म्हणून पुढच्या आकड्यांत फार अडकू नका. पहिली छपाई की नंतरची, एवढेच आपल्याला हवे.

काही पुस्तकांच्या बाबतीत मात्र ‘पहिली’ ठरवणेच अवघड असते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. एका जिल्दीतले पुस्तक कितीही जुने असले तरी ते नंतरचे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी स्वतःचा हात फिरवून छापला, तर मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेले संपादन १९६६ साली आले. पहिली छपाई १९०७ ची, आणि गोडसे भटजींची मूळ भाषा वाचायची तर १९६६ ची. मला विचाराल तर या पुस्तकाच्या दोन्ही प्रती जवळ असाव्यात. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापली गेली, पण आज आपल्याला ती माहीत आहे ती स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणली म्हणून. आणि फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही; जुनी छापील प्रत म्हणून हाती येते ती १९०७ साली मंगळूरला निघालेली.

थोडक्यात, बाजारात जाण्याआधी त्या पुस्तकाचा इतिहास वाचून जा. पहिल्यांदा कोणत्या साली आले आणि कोणी काढले, या दोन गोष्टी तरी ठाऊक हव्यातच.

पायरी २ : शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू

पुस्तक हातात घेतल्यावर मुखपृष्ठाकडे पाहू नका, ते सर्वांत सहज बदलते. थेट शीर्षकपान उघडा, मग ते उलटा. प्रकाशक, मुद्रक, छापखान्याचा पत्ता, साल, हक्क आणि किंमत बहुधा इथेच सापडते. या पानाला प्रकाशनव्यवसायात इम्प्रिंट पान म्हणतात. जुन्या पुस्तकांत यातला काही मजकूर मलपृष्ठावर किंवा अगदी शेवटच्या पानाच्या तळाशीही असतो, तेव्हा तेही पाहा.

पहिली तपासणी प्रकाशकाच्या नावाची. ‘ययाति’ १९५९ साली आणि ‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. आज ‘ययाति’ मेहता पब्लिशिंग हाऊसची आणि ‘कोसला’ पॉप्युलर प्रकाशनाची मिळते. कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ १९४२ साली प्रकाशित केली ती वि. स. खांडेकरांनी. अशा पुस्तकांवर प्रकाशकाचे नाव वेगळे दिसले की पुढची तपासणी करण्याचे कारणच उरत नाही. याच ठिकाणी नवखा माणूस फसतो, कारण प्रकाशक बदलला की आवृत्त्यांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होऊ शकते.

दुसरी तपासणी सालाची. जुन्या पुस्तकांवर शालिवाहन शक असतो, कधी नुसताच, कधी इसवी सनाच्या जोडीने, ‘१९६३/१८८५’ असा. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९ मिळवा, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते. पौषात १ जानेवारी येऊ शकते, म्हणून पौष असेल तर तिथी पाहूनच ठरवा. ‘गुढीपाडवा शके १८७५’ म्हणजे १९५३ चा मार्च-एप्रिल. झिजलेल्या टायपात १ आणि ९ सारखे दिसतात, तिथे भिंग वापरा.

तिसरी गोष्ट बारकाईची आहे. प्रस्तावनेखालची तारीख हा प्रतीचा पुरावा नव्हे. टिळकांच्या ‘गीतारहस्या’च्या प्रस्तावनेखाली शके १८३७ आहे, म्हणजे १९१५, आणि ग्रंथ प्रसिद्ध झाला तोही त्याच वर्षी जूनमध्ये. पण ती प्रस्तावना पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तशीच छापली गेली आहे. इम्प्रिंट पान फाटलेल्या प्रतीवर ‘१९१५ ची’ असे सांगून विकणारे याच तारखेकडे बोट दाखवतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचेही असेच. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी सुधारून वाढवलेली १८५७ ची, आणि आज घरोघरी दिसणारा जाडजूड कोश हे त्या दुसऱ्या आवृत्तीचे १९७५ साली पुण्यात झालेले पुनर्मुद्रण.

एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांवर ‘सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर’ अशा अर्थाची ओळ भेटते. छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा हा कायदा. मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव व ठिकाण छापणे त्याने सक्तीचे केले. ही ओळ असेल तर पुस्तक १८६७ च्या आधीचे नाही, हे नक्की. त्याआधीच्या मराठी छापील पुस्तकांना अभ्यासक ‘दोलामुद्रिते’ म्हणतात. त्यांत शिळाप्रेसवरची, म्हणजे दगडावरून छापलेली, पुस्तके बरीच आहेत, त्यांचे अक्षर हाताने लिहिल्यासारखे दिसते, कारण ते खरोखरच हाताने लिहिलेले असते. ती ओळखण्याचे शास्त्र वेगळे आहे, नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

पायरी ३ : किंमत आणि पत्ता

माझा सर्वांत जास्त भरवसा किमतीवर आहे. साल पुढच्या आवृत्तीतही जुनेच ठेवले जाऊ शकते, किंमत मात्र प्रकाशकाला त्या त्या वेळची छापावीच लागते.

१ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. ‘रु. २-८-०’ म्हणजे दोन रुपये आठ आणे. हीच किंमत ‘२॥ रुपये’ अशीही छापत. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ‘१॥। रुपया’ दिसला की पावणेदोन वाचायचे. नव्या नाण्यांना सुरुवातीला ‘नये पैसे’ म्हणत, १ जून १९६४ पासून ‘नये’ गेले. तेव्हा ‘विशाखा’च्या प्रतीवर किंमत नया पैशांत असेल तर ती १९४२ ची असू शकत नाही, आणि १९५५ च्या पुस्तकावर छापील किंमत ‘३ रुपये ५० पैसे’ असेल तर ती प्रत नंतरची. किंमत पूर्ण रुपयांत असली की ही खूण गप्प बसते, तेव्हा दुसरीकडे वळायचे.

चिकटवलेली किंमत आणि छापलेली किंमत यांत गल्लत करू नका. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती संपायला कधी कधी पंधरा-वीस वर्षे लागत. शिल्लक प्रतींवर प्रकाशक नव्या किमतीची चिठ्ठी डकवत किंवा रबरी शिक्का मारत. चिठ्ठीखालची छापील किंमत जुनी असेल तर प्रत पहिल्या आवृत्तीची असण्यास काहीच हरकत नाही. ती चिठ्ठी नखाने खरवडू नका, उजेडासमोर पान धरून पाहा.

पत्त्याचेही असेच. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. त्याआधी ‘मुंबई ४’, ‘पुणे २’, ‘पुणे ३०’ असे विभागाचे क्रमांक होते. मौज प्रकाशनाच्या पुस्तकावर ‘खटाववाडी, मुंबई ४’ असेल तर ते १९७२ च्या आधीचे असण्याचा संभव मोठा, ‘मुंबई ४०० ००४’ असेल तर नंतरचे नक्की. पिनकोड आल्यावरही काहींनी जुने क्रमांक चालू ठेवले, म्हणून ही खूण एकाच दिशेने पक्की आहे. तोच न्याय आणखी काही गोष्टींना लागतो : ‘महाराष्ट्र राज्य’ किंवा साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या अनुदानाचा उल्लेख असेल तर पुस्तक १९६० नंतरचे, आणि ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन असेल तर २००७ च्या आसपासचे किंवा नंतरचे.

पायरी ४ : शुद्धलेखन, टाइप आणि पानांची संख्या

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार त्यामुळे गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘घरांत’, ‘नांव’, ‘त्यानें केलें’ अशी रूपे पानोपानी दिसतात. मर्ढेकरांच्या १९४७ च्या संग्रहाचे नावच मुळात ‘कांही कविता’ आहे. १९४० च्या सुमारास पहिल्यांदा आलेल्या पुस्तकाच्या प्रतीत ‘घरात’, ‘नाव’, ‘त्याने केले’ असे सरसकट असेल तर मजकूर नव्याने जुळवलेला आहे हे समजा. १९६२ ते १९७२ या दशकात मात्र दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. त्या काळातल्या पुस्तकांना ही कसोटी लावू नका.

आता पान बोटांनी पाहा. ऐंशीच्या दशकापर्यंत बरीच मराठी पुस्तके खिळ्यांवर, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून, छापली जात. खिळा कागदावर दाबला जातो, म्हणून पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवले की अक्षरांचा उठाव जाणवतो. नंतरच्या ऑफसेट छपाईचे पान सपाट असते. १९६३ च्या म्हणवणाऱ्या कादंबरीचे पान गुळगुळीत सपाट लागले तर थांबा. कागदही बोलतो : दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले, तेव्हाची अनेक पुस्तके हलक्या, लवकर तांबूस होणाऱ्या कागदावर आहेत. त्या वर्षांतली पहिली आवृत्ती म्हणून कोणी जाड, पांढरीशुभ्र प्रत दाखवली तर पुन्हा एकदा सगळे तपासा.

यातूनच एक फार उपयोगी कसोटी निघते. बहुतेक छापखान्यांकडे टाइप मोजकाच असे. फर्मा, म्हणजे एका वेळी छापायच्या पानांचा संच, छापून झाला की जुळणी सोडून खिळे परत आपापल्या खणांत टाकावे लागत, नाहीतर पुढच्या फर्म्याला अक्षरेच उरत नसत. त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीसाठी सगळे पुस्तक पुन्हा जुळवले जाई, आणि पुन्हा जुळवलेल्या पुस्तकाची पृष्ठसंख्या, ओळींची तोड, कधी टायपाचा आकारही बदलत असे. पहिल्या आवृत्तीची पृष्ठसंख्या तुम्हाला ठाऊक असेल तर शेवटचे पान उघडताच अर्धे काम होते.

शुद्धिपत्र असेल तर आनंद माना. पहिल्या छपाईत राहिलेल्या चुकांची ही यादी, कधी शेवटच्या पानावर, कधी सुटी चिठ्ठी. तिच्यातल्या दोन-तीन चुका त्या त्या पानावर जाऊन पाहा. चूक जागेवर असेल तर शुद्धिपत्र आणि पुस्तक एकाच छपाईचे आहेत. चुका मजकुरातच दुरुस्त झालेल्या असतील तर प्रत पुढची आहे आणि शुद्धिपत्राची चिठ्ठी दुसऱ्या कुठल्या प्रतीतून आली असावी.

पायरी ५ : याद्या आणि पुरस्कार

‘लेखकाची इतर पुस्तके’ ही यादी आणि शेवटच्या पानांवरच्या प्रकाशकाच्या जाहिराती वाचायला लोक कंटाळतात. मला त्या वाचायला मनापासून आवडतात. पुस्तकाच्या सालानंतर आलेले एकच नाव त्यांत सापडले की निकाल लागतो. ‘ययाति’च्या प्रतीत खांडेकरांच्या यादीत ‘अमृतवेल’ असेल तर ती १९५९ ची नाही, कारण ‘अमृतवेल’ १९६७ ची. ‘कोसला’त नेमाड्यांच्याच ‘बिढार’चा उल्लेख असेल तर प्रत १९७५ च्या अलीकडची.

पुरस्कारांचे तर पाहताक्षणी कळते. ‘ययाति’ला साहित्य अकादमी पुरस्कार १९६० चा, खांडेकरांना ज्ञानपीठ १९७४ चे. ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ साली आले, त्याला अकादमीचा पुरस्कार १९६५ चा. मुखपृष्ठावर, वेष्टणावर किंवा लेखकाच्या परिचयात यांचा उल्लेख असेल तर पहिल्या आवृत्तीचा प्रश्नच मिटतो. अपवाद एकच : पुस्तक आणि वेष्टण एकाच वेळचे नसेल. नंतरचे वेष्टण जुन्या प्रतीवर चढवलेले असू शकते, तेव्हा वेष्टण काढून आतले पुस्तक स्वतंत्रपणे तपासा.

पायरी ६ : ग्रंथसूचीशी ताडून पाहा

इथवरचे काम दुकानात उभ्या उभ्या होते. पुढचे ग्रंथालयात. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हा या छंदाचा आधार आहे. पहिला खंड १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांचा, तो १९४३ साली आला. दुसरा १९३८ ते १९५० चा, तो १९६१ साली. एवढ्या पुस्तकांच्या नोंदी घेण्याचे हे काम दात्यांनी केले नसते तर आज आपण अंधारात चाचपडत असतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पुस्तक कोणी आणि कधी काढले, हे आधी तिथे पाहावे.

१८६७ च्या कायद्यानुसार सरकार पुस्तकांच्या तिमाही याद्या छापत असे. प्रत्येक पुस्तकाचे नाव, मुद्रक, पाने, आकार, कितवी आवृत्ती, किती प्रती छापल्या आणि किंमत किती, इतके सगळे त्यांत नोंदवणे बंधनकारक होते. मुंबई इलाख्याच्या या याद्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकाबद्दल वाद असेल तर शेवटचा शब्द बहुधा इथे मिळतो. ब्रिटिश म्यूझियममधल्या मराठी-गुजराती पुस्तकांची ब्लुमहार्टने केलेली सूची १८९२ ची आहे, तीही पाहण्यासारखी.

१९५४ च्या कायद्याने प्रकाशकांनी नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी काही ग्रंथालयांना देणे बंधनकारक झाले. त्यामुळे त्यानंतरच्या पुस्तकांसाठी त्यांचे कॅटलॉग पाहा. प्रत्यक्ष जुनी प्रत शेजारी ठेवून पाहायची असेल तर दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय, गोव्यात पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय, अशी ठिकाणे आहेत. जाताना पुस्तकाची सर्व माहिती कागदावर लिहून न्या. तिथल्या कर्मचाऱ्यांना नेमके काय हवे ते सांगितले की ते मनापासून मदत करतात. परदेशात राहणाऱ्यांसाठी इंटरनेट आर्काइव्हवर शेकडो जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन केलेली पाने आहेत, इम्प्रिंट पान ताडायला तेवढे पुरते.

पायरी ७ : विकत घेताना

जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा भाग ग्रंथालयांतून बाद होऊन बाजारात येतो. शिक्के, दाखल क्रमांक, मागे चिकटवलेली तारखांची चिठ्ठी, आणि बहुधा पुन्हा केलेली बांधणी. बांधणी करताना वेष्टण आणि जाहिरातींची पाने काढून टाकतात, कडा कापतात. संग्राहकाला हे खटकते, पण ओळख पटवायला दाखल दिनांकाइतकी चांगली गोष्ट नाही. शिक्क्यातली तारीख १२ मार्च १९६४ असेल तर पुस्तक त्यानंतर छापलेले असूच शकत नाही. ‘चि. सुधास वाढदिवसानिमित्त सप्रेम भेट’ आणि खाली तारीख, अशी ओळही तेच काम करते. फक्त शाई आणि अक्षर त्या काळातले वाटते का, ते पाहा.

हल्ली जुन्या प्रती स्कॅन करून, मागणीप्रमाणे छापून ऑनलाइन विकल्या जातात. त्यांत मूळ इम्प्रिंट पान जसेच्या तसे असते, त्यामुळे छायाचित्र पाहून फसगत होते. अशा प्रतीचा कागद नवा, पानांच्या कडांना राखाडी छटा, अक्षरांच्या कडा किंचित फुटलेल्या आणि पुठ्ठ्यात पाने शिवलेली नसून डिंकाने चिकटवलेली असतात. जुन्या पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकात जुजबंदीची शिवण, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुज दोऱ्याने शिवलेले, दिसते. पुस्तक मधोमध उघडून दोरा शोधा. विक्रेता ऑनलाइन असेल तर शीर्षकपान, त्याची मागची बाजू, शेवटचे छापील पान आणि शिवण यांची चार छायाचित्रे मागा. ती द्यायला टाळाटाळ केली तर पुस्तक सोडून द्या.

घरी आणल्यावर पुस्तकाला सेलोटेप लावू नका, शिक्के खोडू नका, हौसेने नवी बांधणी करून घेऊ नका. कोणत्या खुणांवरून आवृत्ती ठरवली ते एका सुट्या कागदावर पेन्सिलीने लिहून आत ठेवा : प्रकाशक, साल, छापील किंमत, पृष्ठसंख्या, यादीतले शेवटचे पुस्तक, आणि दात्यांच्या सूचीत नोंद सापडली का. एखादी खूण इतरांशी जुळत नसेल तर तीही लिहा, पुढे दुसरी प्रत हाती आली की तिथूनच तपास सुरू करता येतो.